आजोळनाना

भोकरदनला तुम्ही जालन्याहून एसटीने या, सिल्लोडकडून काळीपिवळीने या, नाहीतर स्वतःच्या गाडीत काचा वर करून या. नाना आडवे आले की तुमचं आजोळ निघालंच म्हणून समजा. नाव विचारायला ते विसरतील. चहाचं विचारतीलच असं नाही. पण टोपी मागे सारून "कोन्या गावचे पाव्हणे?" एवढं म्हटलं की पुढचे तीन सवाल तयारच असतात. आडनाव काय, आजोळ कुठलं, अन् थोरल्या बहिणीला कुठं दिली. बस्स. पाचवा सवाल नानांनी कुणाला केल्याचं मला आठवत नाही. तुमचं शिक्षण, पगार, रक्तदाब, राजकीय मतं यांत त्यांना काडीचा रस नाही. चार उत्तरं मिळाली की ते डोळे मिटतात, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतात आणि निकाल देतात, "म्हंजे तुम्ही आमच्या जाफराबादच्या साडूच्या व्याह्याचे भाचे की हो!" तोवर निवांत असलेला माणूस त्या क्षणापासून गावच्या लग्नकार्यांत आहेर करायला बांधला जातो.

जात विचारायची नानांना कधी गरज पडत नाही. चार उत्तरांत ती आपण होऊन बाहेर येते. आणि न विचारता कळलेल्या गोष्टीचं पाप लागत नाही, असा त्यांचा, खरं तर आमच्या सगळ्या तालुक्याचाच, समज आहे.

गावात त्यांना आजोळनाना म्हणतात. तोंडावर अर्थातच नुसतं नाना. या माणसाचं दप्तर म्हणजे पडवीतल्या खुंटीला टांगलेली एक लोखंडी तार. तिच्यात लग्नपत्रिका ओवलेल्या आहेत. तळाच्या पिवळ्या पडून पापडासारख्या झाल्यात, कोपऱ्याला लावलेलं हळदीचं बोट मात्र अजून ओळखू येतं. वरच्या पत्रिका चाररंगी, आत नवऱ्यामुलाचं लाडकं नाव आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. कुणाच्या घरी नात्यावरून वाद पेटला की नाना तारेवर बोट फिरवतात, नेमकी पत्रिका धरतात आणि निमंत्रकांच्या यादीतलं सातवं नाव वाचून वाद मिटवतात. कधीकधी पेटवतातही.

नाना जन्मले निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला आणि नाना ओट्यावरून न उठता दुसऱ्या जिल्ह्यात गेले. तेव्हापासून सरकारने दिलेल्या पत्त्यावर त्यांचा भरवसा नाही. "राज्य बदललं, जिल्हा बदलला, आता नावंबी बदलायलेत. आजोळ कोन्या सरकारनं बदलून दाखवावं!"

गावाच्या बाबतीतही त्यांचा हाच खाक्या. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांपुढे या गावाचा उल्लेख कोरलेला आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केळना नदीकाठी उत्खनन केलं. डॉ. देव आणि डॉ. गुप्ते त्याचे प्रमुख. नाना तेव्हा तिथं पाटी उचलायला होते असं सांगतात. भोकरदनात त्या पिढीतला प्रत्येक जण तिथं पाटी उचलायला होता. एवढी माणसं खरोखर असती तर त्यांनी केळनेचं पात्रच हलवलं असतं. त्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा निघाला. इटलीत पॉम्पेईच्या राखेतून १९३८ साली जी हस्तिदंती भारतीय बाई निघाली होती, तिच्याशी त्याचं भलतंच साम्य. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं ते इसवी सन ७९मध्ये, म्हणजे बाई त्याआधीच तिकडे पोचलेली. ती घडली कुठे, यावर विद्वानांत एकमत नाही. कोणी भोकरदन म्हणतं, कोणी तेर, कोणी आणखी तिसरंच. नानांना हा वादच कळत नाही. "तोंडवळा आमचा, हातातल्या बांगड्या आमच्या. पोरगी भोकरदनची. दिली इटलीला."

माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. नाना रोज पेपर वाचायला येतात आणि गिऱ्हाइकं वाचत बसतात. त्यांना माझ्या दुकानाची ओढ असण्याचं कारण उघड आहे. संकरित बियाण्यासारखा सोयरीक जुळवून पोट भरणारा दुसरा धंदा तालुक्यात नाही. जालना म्हणजे बियाण्यांची पेठ; बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली तिथे महिको काढली, पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. तिकडे गुजरातेत सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात चंद्रकांत पटेलांनी १९७०मध्ये एच-४ हा कपाशीचा संकर शेतकऱ्यांच्या हातात दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. त्यानंतर आमच्या भागात घरोघर क्रॉसिंगचे प्लॉट झाले, आणि नानांनी त्यांच्या उमेदीची वर्षं त्याच प्लॉटांत काढली.

क्रॉसिंग ज्यानं पाहिलं नाही त्याला बियाण्याच्या पाकिटाची किंमत कळायची नाही. दुपार कलली की बाया मादीच्या ओळींत शिरतात. उद्या उमलेल अशी कळी नेमकी हेरायची. अंगठ्याचं नख बुडाशी रुतवून पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी गोल सोलून काढायची, आणि मधला कुक्षीचा दांडा मात्र तसाच उभा ठेवायचा. नख खोल गेलं तर बोंड गळतं. उथळ गेलं आणि एखादी परागपिशवी मागे राहिली तर ते फूल स्वतःशीच लग्न लावून मोकळं होतं आणि प्लॉट नापास. सोललेली कळी कागदात झाकायची. सकाळी दव उडालं की नराचं उमललेलं फूल तोडून आणायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पिवळी धूळ कुक्षीवर हलकेच फिरवायची. एका नरात चार-पाच कळ्या उरकतात. मग देठाला दोऱ्याची खूण. हे शेकडो कळ्यांना, रोज, उन्हात, वाकून. नाना बांधावर उभे राहून देखरेख करत. पाठ बायांची मोडायची आणि अनुभव नानांचा वाढायचा.

या अनुभवातून नानांनी एक सिद्धांत काढला होता. गावरान ते गावरान. अमेरिकन कपाशी ती परकी, तिच्यात आपलं रक्त मिसळत नाही. सिद्धांताला आधारही होता. आपल्या देशी कपाशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकन कपाशीत ५२. दोघांचं लावायला गेलं तर ३९ची अडनिडी संतती होते, ती वाढते चांगली, फुलतेही, पण धरत नाही. वांझ. "बघा," नाना म्हणत, "निसर्गच पत्रिका जुळू देत न्हाई." आणि या शुद्धतेचा पुरावा म्हणून ते घरामागचं देवकापसाचं झाड दाखवत. ते त्यांच्या आईने माहेरून, आन्व्याहून, पदराच्या गाठीत सरकी बांधून आणलेलं, आणि पुढे तिच्याच सरकीवर धरत आलेलं. वाती त्याच्याच. "शंभर टक्के गावरान. पेशवाईच्याबी आधीचं."

नानांची नात पुण्यात वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. दिवाळीला आली ती एक पिशवी घेऊन. पिशवीत कागदी पाकिटं, आणि नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नये' लिहिलेली जी खडीची पुडी येते ना, ती खडी किलोभर. पानं त्यात घातली की रातोरात कोरडी होतात आणि आतला डीएनए शाबूत राहतो. नानांनी तिला मोठ्या थाटात देवकापसाकडे नेलं. मीही मागे होतो. पोरीनं पान तोडायच्या आधी बोंडाखालची तीन हिरवी पानं बोटांनी उलगडली. देशी कपाशीत त्यांच्या कडा जवळजवळ सरळ असतात, फार तर टोकाला थोडे दाते. इथे करवतीसारखे लांब, खोल दाते. मग तिनं पिकलेलं बोंड फोडलं. एका कप्प्यातल्या सगळ्या सरक्या एकमेकींना चिकटून त्यांची मूत्रपिंडाच्या आकाराची गाठ झालेली.

"नाना, हे गावरान नाही. बार्बाडेन्स आहे. मूळ दक्षिण अमेरिकेतलं."

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. नंतर मला एकट्याला गाठून म्हणाले, "आन्व्याचे लोक पयल्यापासून असेच."

खरी गंमत पुढे आहे. संध्याकाळी पोरगी दुकानात आली, जुनं देशी वाण कुणाकडे मिळेल का विचारायला. नाना स्टुलावर होतेच. झाडाचं नाव तिला दिसण्यावरून कळलं होतं, पण ते किती भेसळीचं आहे हे दिसण्यावरून कळत नव्हतं. आजूबाजूला पन्नासेक वर्षं अमेरिकन संकरित कपाशी. बार्बाडेन्स आणि अमेरिकन हिर्सुटम या दोघी ५२च्याच. मधमाशी एका फुलावरून दुसऱ्यावर गेली की झालं. धारवाडच्या कातरकींनी १९७२ साली वरलक्ष्मी काढली ती याच दोघींचा संकर करून. जे त्यांनी चिमट्याने केलं ते आन्व्याच्या नाहीतर भोकरदनच्या एखाद्या माशीनं फुकट केलेलं असू शकतं.

"मग आता सगळं कूळ काढशील?" नानांनी विचारलं.

"सगळं नाही. कपाशीच्या एका पेशीत दोनशे कोटींच्या वर अक्षरं आहेत. शंभर झाडांची सगळी वाचत बसले तर पैसा पुरायचा नाही. निवडक जनुकं वाचायची. काही शे, फार तर हजार."

आणि तिनं कागदावर काढून दाखवलं. पान कुटून डीएनए काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे. आपल्याला हव्या त्या जनुकांशी जुळतील असे आमिषाचे तुकडे आधीच बनवून ठेवलेले असतात, आणि प्रत्येकाला बायोटिन हे जीवनसत्त्व चिकटवलेलं. आमिष त्या गर्दीत सोडलं की ते आपल्या जोडीच्या तुकड्याला जाऊन बिलगतं. मग चुंबकाचे मणी टाकायचे, ते बायोटिनला घट्ट धरतात. नळीला बाहेरून चुंबक लावला की हवे ते तुकडे भिंतीला, बाकीचं सगळं धुऊन मोकळं. उरलं तेवढंच वाचायचं. कपाशीवर असंच काम आयोवाच्या जोनाथन वेंडेल आणि मंडळींनी २०१२ सालीच करून दाखवलं आहे, एक हजार जनुकं धरून. त्याच पद्धतीने लंडनमधल्या क्यू बागेनं ३५३ जनुकांचा एक संच ठरवला, जो कुठल्याही फुलझाडाला चालतो, आणि २०२४ साली साडेनऊ हजार जातींचं एकच वंशझाड मांडलं.

नानांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "म्हंजे अख्खी वंशावळ इचारायची न्हाई. नेमके सवाल करायचे अन् बाकीचं वाहू द्यायचं." त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "मी काय निराळं करतो?"

मला कबूल करावं लागलं की काही निराळं करत नाहीत. फरक एवढाच की त्यांना चुंबक लागत नाही.

मग नाना पेटले. तुमच्याकडं मेलेल्या झाडाचं निघतं का? निघतं म्हणाली. संग्रहालयात चिकटवून ठेवलेल्या वाळक्या फांदीचा तुकडा पुरतो. डीएनए तुटून चुरा झालेला असतो, पण या पद्धतीला चुराच हवा असतो. क्यूच्या वंशझाडात नेपाळहून १८२९ साली आणलेला एक नमुना आहे. मेक्सिकोजवळच्या ग्वाडालूप बेटावरचं एक ऑलिव्हच्या कुळातलं झाड आहे, जे १८७५ नंतर कुणी जिवंत पाहिलंच नाही. नानांना हे फार आवडलं. त्यांच्या तारेवरची अर्धी मंडळीही आता हयात नाहीत, आणि त्यांच्या सोयरिकी नाना अजून चालवतात.

"अन् भेसळ कशी धरतेस?"

"जनुकं एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा. निम्मी म्हणतात हे बार्बाडेन्सचं, निम्मी म्हणतात हिर्सुटमचं, तर शंका घ्यायची."

"बापाकडचे एक सांगतात, आईकडचे दुसरं. मंग तिथं पाणी मुरतंय." नाना खूष झाले.

"पण प्रत्येक वेळी नाही हं. कधीकधी जुनाच फरक वेगवेगळ्या शाखांत वाटला गेलेला असतो. संकर वगैरे काही झालेला नसतो. ते हिशेबाने वेगळं काढावं लागतं."

इथे मात्र नाना हिरमुसले. विसंगती सापडावी आणि तिच्यामागे भानगड नसावी, हे त्यांच्या शास्त्रात बसत नाही. त्यांच्या चुकीच्या संशयामुळे तालुक्यात दोन लग्नं मोडली आहेत असं लोक सांगतात. ती वाचली असती का, हे मी त्यांना विचारलं नाही. शेवटी ते माझ्या दुकानात रोज येतात.

पोरीनं मग त्यांना हुकमाचं पान दिलं. म्हणाली, "नाना, अमेरिकन कपाशी मुळात जोडनावाची आहे. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी दोन निराळ्या कपाशींचा संकर झाला आणि दोघींची गुणसूत्रं अख्खीच्या अख्खी एकत्र राहिली. २६ आणि २६, म्हणून ५२. एक बाजू पेरूकडच्या रानकपाशीची. दुसरी आशिया-आफ्रिकेकडची, आपल्या गावरान कपाशीच्या कुळातली. हिर्सुटम काय, बार्बाडेन्स काय, दोघी त्यातूनच निघाल्या."

"बाप कोन्या बाजूचा?"

"पेरूचा. हिरव्या कणांचा डीएनए फक्त आईकडून येतो, आणि तो या सगळ्या अमेरिकन कपाशींत आपल्याकडच्या कुळाचा आहे."

"म्हंजे..." नाना उभे राहिले. "म्हंजे अमेरिकन कपाशीचं आजोळ इकडं?"

"समुद्राच्या अलीकडे एवढं नक्की. सरकी वाहत गेली असावी."

"अन् मध्यस्थ कोन व्हतं?"

"कुणी नाही नाना. आपल्यासारखा माणूसच नव्हता तेव्हा."

नाना बराच वेळ विचारात पडले. मध्यस्थाशिवाय, मानपानाशिवाय, समुद्रापार लग्न झालं आणि दहा-वीस लाख वर्षं टिकलं, जगाला कापड पुरवत राहिलं. या गोष्टीचं त्यांना काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी ती हुंड्याशिवाय झालेल्या लग्नांच्या खात्यात टाकली आणि पुढे गेले. गावरान ते गावरान हा सिद्धांत त्यांनी मागे घेतलेला नाही. फक्त गावाची हद्द वाढवली आहे.

त्या पानांचा निकाल अजून यायचा आहे, पण नानांना घाई नाही. आता ते माझ्या दुकानात नव्या कामासाठी येतात. परवा एका बियाणे कंपनीचा प्रतिनिधी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात चकचकीत पत्रक, नव्या बीटी वाणाची तारीफ. नानांनी त्याला गाव, आडनाव, आजोळ, बहीण असं रीतसर उरकलं आणि पाकीट हातात घेतलं.

"हिची आई कोन?"

"आजोबा, हा संकरित वाण आहे."

"ते वाचलं. मादी कोन्ती, नर कोन्ता?"

"ते कंपनीचं गुपित असतं."

"अन् हिची सरकी पुढल्या साली लावली तं?"

"नका लावू. एकसारखी निघत नाही. दर वर्षी नवीन पाकीट घ्यायचं."

नानांनी पाकीट उलटंपालटं केलं. उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर, तारीख, सगळं छापलेलं होतं. मग त्यांनी ते माझ्यासमोर काउंटरवर आपटलं.

"आईबापाचं नाव सांगत न्हाई, आजोळ म्हाईत न्हाई, लेकरं धड निघतील याची हमी न्हाई, अन् हुंडा मातर दर साली रोख. भाऊ, असलं स्थळ तू दुकानात कसं काय ठेवतोस?"

प्रतिनिधी माझ्याकडे बघत होता. मी त्याला हळूच विचारलं, "तुमचं आजोळ कुठलं म्हणालात?" तो म्हणाला, हसनाबाद. मी म्हटलं, मग थांबा, नाना आत्ता तुमचं काहीतरी लागतील, आणि नात्यात त्यांना उधारीवर माल घेताना मी पाहिलेलं आहे.

नाना तोवर डोळे मिटून पुटपुटायला लागले होते.